रोगाला पाय नसतात

(मंडळाच्या हदगाव येथील कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





मंडळाने आम्हांला ‘प्रवास आणि साथीचे रोग’ असा विषय दिला. हा विषय डॉक्टरांचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणाला वाटेल. पण सकाळी सात वाजता हदगावच्या बसस्थानकावर उभे राहिले की हा विषय कोणाचा आहे ते कळते. तामशाहून, निवघ्याहून, मनाठ्याहून मुले शाळा-कॉलेजाला येतात. नांदेडहून अप-डाऊन करणारे शिक्षक आणि कर्मचारी उतरतात. पैनगंगेपलीकडच्या उमरखेडची माणसे बाजाराला येतात. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोणी हैदराबादला बांधकामावर जातो, कोणी पुण्याला कंपनीत, कोणी मुंबईला. नांदेड-नागपूर महामार्ग आपल्या दारावरून जातो आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचा मार्गही आपल्या तालुक्यातून आखलेला आहे. म्हणजे आपला तालुका आता कोपऱ्यात राहिलेला नाही, तो वाटेवर आहे. आणि जो वाटेवर असतो त्याच्या घरी पाहुणा येतो तसा रोगही येतो.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रवास वाईट, असे सांगायला आम्ही उभे नाही. आपल्या समाजाला प्रवासाने माणूस केले आहे. गावकीच्या कामातून सुटून ज्यांनी शिक्षणासाठी गाव सोडले त्यांची मुले आज अधिकारी झाली, प्राध्यापक झाली. १९१३ साली बाबासाहेब समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला शिकायला गेले नसते तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. तेव्हा ‘घरात बसा’ हा आपल्यासाठी उपाय होऊ शकत नाही. आपल्याला जायचे आहे, पण जाणून जायचे आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

रोग प्रवास कसा करतो?

रोगाला स्वतःचे पाय नसतात. तो दुसऱ्याच्या पायांनी चालतो. पण प्रत्येक रोगाचे वाहन निराळे असते.

फ्लू, गोवर, क्षय, कोरोना हे श्वासावाटे जातात. पटकी आणि गॅस्ट्रो पाण्यातून आणि अन्नातून जातात. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून माणसाला होतो आणि फुप्फुसात गेला की खोकल्यातूनही दुसऱ्याला होतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्या डासातून होतात. इथे एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. डेंग्यूचा डास फारसा हिंडत नाही, दोन-चारशे मीटरच्या परिसरातच त्याचे आयुष्य जाते. मग डेंग्यू नांदेडहून हदगावला कसा येतो? डास येत नाही, तापलेला माणूस येतो. त्याला इथला डास चावतो आणि तोच डास पुढे शेजाऱ्याला चावतो. डास इथलाच असतो, माणूसही आपलाच असतो, फक्त विषाणू एस.टी.ने आलेला असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रोगाचे जंतू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात. शास्त्रात याला अधिशयन काळ म्हणतात. फ्लूचा हा काळ एक ते चार दिवसांचा, गोवराचा सुमारे दहा ते चौदा दिवसांचा, कोरोनाचा दोन ते चौदा दिवसांचा मानला जातो. या काळात माणूस ठणठणीत दिसतो, जेवतो-खातो आणि प्रवासही करतो.

आता या काळाची आणि वाहनाची तुलना करा. पूर्वी माणूस बैलगाडीने किंवा गलबताने निघाला तर वाटेतच रोग उघड व्हायचा. युरोपातील बंदरांनी यावर एक युक्ती काढली होती. आलेले जहाज बंदराबाहेर चाळीस दिवस उभे करायचे. इटालियन भाषेतील या ‘चाळीस’ वरूनच क्वारंटाइन हा शब्द आला. आगबोट आली, रेल्वे आली, मग विमान आले. आज दुबईत लागण झालेला माणूस चार-सहा तासांत मुंबईत आणि दुसऱ्या दिवशी आपल्या गल्लीत असतो. रोग अंगात जागा होण्यापूर्वीच माणूस घरी पोचलेला असतो. गाडीचा वेग रोगाच्या वेगापेक्षा जास्त झाला, हे या विषयाचे मर्म आहे.

आगबोट आणि आगगाडी

या मर्माचा पहिला मोठा धडा महाराष्ट्राला प्लेगने दिला. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेग भडकला. तिथून जहाजांच्या मार्गाने तो मुंबईला आला असे मानतात. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी मुंबईच्या मांडवी भागात तो ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या गुदामांचा भाग. धान्य तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे पिसवा. लोक घाबरून पळू लागले. सुमारे आठ लाख वस्तीच्या त्या शहरातून काही महिन्यांत चार लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली. ती आगगाडीने पडली आणि प्लेगही त्यांच्याबरोबर पुणे, सातारा, नाशिक असा पसरत गेला. पुढे निजामाच्या राज्यातही तो पोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. स्टेशनांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना फलाटावर उभे करून तपासत आणि वरच्या वर्गाला सवलत मिळे, हेही त्याच वेळचे वास्तव आहे.

प्लेगच्या काळात आपल्या खेड्यापाड्यांतील माणसांनी मात्र एक शहाणपणा केला होता. उंदीर पडू लागले की गाव रिकामे करायचे आणि रानात, माळावर झोपड्या घालून राहायचे. पिसवेचे शास्त्र बहुतेकांना ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने पिसवेचा संबंध १८९८ साली दाखवला आणि तो सर्वमान्य व्हायलाही पुढे काही वर्षे लागली. पण उंदरांच्या घरातून निघून मोकळ्या हवेत राहणे हा उपाय बरोबर होता. म्हणजे गाव सोडण्याचेही दोन प्रकार आहेत. रोगाच्या जागेपासून दूर होऊन जवळच मोकळ्यावर थांबणे, हा पहिला. रोग अंगावर किंवा गाठोड्यात घेऊन दुसऱ्याच्या दाट वस्तीत शिरणे, हा दुसरा. पहिल्याने माणसे वाचली, दुसऱ्याने साथ पसरली.

१९१८ साली महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या जहाजांबरोबर इन्फ्लुएंझा मुंबईच्या गोदीत उतरला. जूनमधली पहिली लाट त्या मानाने सौम्य होती, सप्टेंबरपासूनची दुसरी भयंकर ठरली. रेल्वेच्या रुळांनी ती देशभर गेली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली. १९११ ते १९२१ हे एकच दशक असे आहे की ज्यात जनगणनेला देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटलेली आढळली.

मराठवाड्याचा अनुभव

हा सगळा जुना इतिहास झाला असे समजू नका. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर वर्षभरातच, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला या गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले. भूकंपानंतर सोडलेली घरे, त्यांत पडून राहिलेले धान्य आणि त्यावर वाढलेले उंदीर यांचा संबंध असावा, असा तज्ज्ञांचा कयास होता. पुढच्याच महिन्यात सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. पन्नासहून अधिक माणसे दगावली आणि काही दिवसांत लाखो लोक सुरत सोडून पळाले. त्यांत महाराष्ट्रातून तिथे पोटासाठी गेलेले मजूरही होते. दूरदूरच्या शहरांत टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपल्या. परदेशांनी आपली विमाने थांबवली.

पण लाखो लोक पळूनही त्यांच्या गावोगावी प्लेगची मोठी साथ आली नाही. याचे कारण विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. फुप्फुसाचा प्लेग झालेला माणूस लक्षणे दिसू लागल्यावरच दुसऱ्याला रोग देतो आणि तोवर तो इतका आजारी असतो की लांबचा प्रवास त्याला झेपत नाही. शिवाय प्रतिजैविके हाताशी होती. याउलट कोरोनाचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच रोग पसरवतो. काहींना तर लक्षणे दिसतच नाहीत. म्हणून सूत्र असे की, जो रोग माणसाला झटकन अंथरुणाला खिळवतो तो फार लांब जात नाही. जो माणसाला चालता-फिरता ठेवतो तोच दूरवर जातो. रोग किती जहाल आहे याची लोक चौकशी करतात. तो किती लपून राहतो याची चौकशी आधी केली पाहिजे.

डासाच्या रोगाचेही उदाहरण घ्या. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ तो आपल्याकडे जणू नाहीसा झाला. २००५ च्या अखेरीस तो देशात पुन्हा प्रकटला आणि २००६ साली मराठवाड्यासह राज्यातील अनेक जिल्ह्यांत माणसे सांधे धरून बसली. तपासणीत असे आढळले की या वेळचा विषाणू जुन्या बार्शीच्या वाणाचा नव्हता. तो आफ्रिकेकडचा होता आणि त्याच सुमारास हिंदी महासागरातील बेटांवर त्याने धुमाकूळ घातला होता. समुद्रापलीकडचा विषाणू आणि आपल्या रांजणातला डास यांची गाठ माणसाच्या प्रवासाने घालून दिली.

२०२० सालची वाट

कोरोनाचा काळ आपण सर्वांनी पाहिला आहे. महाराष्ट्रातील पहिले दोन रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. ते दुबईच्या सहलीवरून परतलेले दाम्पत्य होते. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलीचा आणि त्यांना मुंबईहून पुण्याला आणणाऱ्या टॅक्सीचालकाचा अहवालही बाधित आला. या टॅक्सीचालकाकडे लक्ष द्या. तो परदेशी गेला नव्हता, सहलीला गेला नव्हता. तो पोटासाठी गाडी चालवत होता. विमानातून उतरलेला रोग जमिनीवर सर्वांत आधी कष्टकऱ्याला भेटतो, हे त्या एका घटनेत दिसते.

मग टाळेबंदी आली आणि वाहने थांबली. तेव्हा नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेले सुमारे चार हजार भाविक इथेच अडकले. एप्रिलअखेर त्यांना बसगाड्यांनी पंजाबला नेण्यात आले. तिथे तपासणीत हजाराहून अधिक जण बाधित आढळले. लागण नांदेडात झाली की वाटेत, यावर दोन्ही राज्यांत बरेच आरोप-प्रत्यारोप झाले. आम्हांला त्या वादात शिरायचे नाही. बंद गाडीत शेजारी-शेजारी बसून शेकडो कोसांचा प्रवास केला की एकाचे दहा व्हायला वेळ लागत नाही आणि नुसता ताप मोजून रोग ओळखता येत नाही, हा धडा मात्र घ्यावा. भाविकांचा यात काय दोष? ते देवदर्शनाला आले होते आणि लंगरच्या आधाराने महिनाभर थांबले होते.

त्याच महिन्यात राज्यातील साखर कारखान्यांवर अडकलेल्या सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड कामगारांना तपासणी करून गावी जाण्याची परवानगी मिळाली. त्यांत बहुसंख्य आपल्या मराठवाड्याचे होते. ते गावाच्या शिवेवर आले तेव्हा काही ठिकाणी रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या. आणि ८ मे २०२० ची पहाट आपण विसरू शकत नाही. जालन्याच्या कारखान्यातील मध्य प्रदेशचे मजूर गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने चालत निघाले होते. तेव्हाच्या औरंगाबाद आणि आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, करमाडजवळ, ते दमून रुळावरच झोपले. मालगाडीखाली सोळा जण गेले. त्यांना कोरोनाने मारले नाही. प्रवास थांबवताना प्रवाशाचा विचार झाला नाही, म्हणून ते गेले.

याच वर्षी लोकांनी समजूतदारपणाही दाखवला. आषाढीला पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. आपणही १४ एप्रिलची जयंती घरात दिवा लावून साजरी केली. त्या वर्षी दीक्षाभूमीवरचा सोहळा झाला नाही आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीची ओढ असतानाही आपण घरून अभिवादन केले. ज्या समाजाला वर्षातून एकदा तिथे गेल्याशिवाय चैन पडत नाही, त्याने स्वतःला आवरले. ही शिस्त कोणाच्या काठीने आलेली नव्हती, ती समजुतीने आली होती.

अप-डाऊनचे गणित

लांबचा प्रवास रोगाचे बी आणतो, पण पेरणी करतो तो रोजचा प्रवास. मुंबईच्या लोकलमध्ये २०२० पूर्वी रोज सुमारे पंच्याहत्तर लाख प्रवासी असत. म्हणूनच मार्च २०२० मध्ये ती थांबवावी लागली. आपल्याकडे लोकल नाही, पण जीप आहे. दहा माणसांच्या जीपमध्ये सोळा बसतात, थंडीत काचा बंद होतात आणि तीच माणसे तीच जीप रोज धरतात. गोवराचा विषाणू रुग्ण उतरून गेल्यानंतरही बंद जागेतील हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. लस न घेतलेल्यांत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. मुलगा तामशाला उतरून घरी गेला तरी त्याचा गोवर जीपमध्ये पुढच्या फेरीची वाट पाहत असतो.

रोग मोठ्या शहरातून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला आणि तालुक्याहून खेड्याला उतरतो. पण नेहमी तसेच होते असे नाही. दुसरी लाट फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-यवतमाळकडे आधी वाढली. अमरावतीत तेव्हाच टाळेबंदी लागली, आणि महिन्याभराने, २५ मार्चला, नांदेड जिल्ह्यातही लागली. आपल्यात आणि यवतमाळ जिल्ह्यात एक पैनगंगा आहे आणि तिच्यावर पूल आहे. जिल्ह्याच्या हद्दी नकाशावर असतात, जिपा त्या ओळखत नाहीत. २०२३ च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ राज्यभर फिरली, तीही शाळा, वसतिगृह आणि बस यांच्याच वाटेने. जनावरांचेही असेच आहे. २०२२ साली लंपी आला तेव्हा राज्यातील गुरांचे बाजार बंद करावे लागले, कारण टेम्पोतून जाणाऱ्या बैलाबरोबर रोगही विकला जात होता.

अंतर आणि विटाळ

बंधू-भगिनींनो, आता आमच्या भाषणाचा मुख्य मुद्दा. साथ आली की माणसे रोगाला भिण्याऐवजी माणसाला भिऊ लागतात. ‘तो मुंबईहून आला’, ‘ती टोळी कारखान्यावरून आली’, ‘ही त्या धर्माची माणसे’ असे बोट दाखवणे सुरू होते. जो बाहेरून आला तो दोषी आणि जो गरीब आहे तो घाणेरडा, असे ठरून जाते.

दूर ठेवले जाणे म्हणजे काय हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. म्हणून अंतर आणि विटाळ यांतला फरक आपण इतरांपेक्षा स्पष्ट सांगू शकतो. रोगासाठी ठेवलेले अंतर ठरावीक दिवसांचे असते, ते संपते. विटाळ पिढ्यान्‌पिढ्या संपत नाही. अंतर कलेक्टरला आणि मजुराला सारखेच लागू असते. विटाळ जात पाहून लागतो. अंतर ठेवणारा माणूस दारात भाकरी-पाणी ठेवतो, औषध पोचवतो, फोनवर चौकशी करतो. विटाळ मानणारा दार लावून घेतो आणि सुटलो म्हणतो. अंतराचे कारण विचारले तर सांगता येते, विटाळाला कारणच नसते. जिथे सोय न करता नुसती बंदी घातली जाते, तिथे अंतराच्या नावाखाली विटाळच परत येत असतो, हे ओळखून त्याला हरकत घेतली पाहिजे.

आणि याला एक व्यावहारिक बाजूही आहे. ज्याला हाकलले जाण्याची भीती असते तो रोग लपवतो. कुठून आलो ते सांगत नाही, तपासणीला जात नाही आणि रात्रीच्या अंधारात आडवाटेने गावात येतो. म्हणजे बहिष्काराने रोग थांबत नाही, तो दिसेनासा होतो. माणुसकीने वागणे हाच इथे शास्त्रीय उपाय आहे.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच घरात आहे. १८९७ सालच्या प्लेगमध्ये जे पळू शकत होते ते पुणे सोडून जात होते. तेव्हा सावित्रीबाई फुले रुग्णांकडे जात होत्या. त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी शहराबाहेर, हडपसरच्या बाजूला ससाणे यांच्या माळावर दवाखाना उघडला होता. शहरापासून दूर, मोकळ्या माळावर. म्हणजे अंतर होते, पण सेवेसाठी होते. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेग झालेल्या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून त्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्याला घेऊन केलेली ती वाटचाल हाही एक प्रवासच होता. एकीकडे रोग घेऊन पळणाऱ्या आगगाड्या होत्या आणि दुसरीकडे रोग्याला पाठीवर घेऊन चालणारी ही माउली होती.

आपण काय करावे

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी पहिली गोष्ट. ताप-खोकला असेल तर दोन-तीन दिवस बसने येऊ नका. प्रवास टळत नसेल तर तोंडाला मास्क लावा, खिडकीशेजारी बसा आणि खिडकी उघडी ठेवा. वर्षभर शंभर टक्के हजेरीचे बक्षीस देण्याची प्रथा काही शाळांत आहे. हेतू चांगला आहे, पण त्यापायी फणफणलेले मूल बाकावर येऊन बसते आणि दहा जणांना आजारी पाडते. आजारपणाची रजा हजेरीतून वजा होऊ नये, असा आग्रह पालकांनी धरावा.

दुसरी गोष्ट ऊसतोडीला आणि बांधकामावर जाणाऱ्या कुटुंबांसाठी. निघताना गाठोड्यात मुलाचे लसीकरणाचे कार्ड अवश्य ठेवा. गोवराची लस नऊ महिन्यांना आणि दुसऱ्यांदा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायची असते. ती कोणत्याही सरकारी केंद्रावर मोफत मिळते, गावच्याच केंद्रावर घेतली पाहिजे असे नाही. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईच्या गोवंडीत गोवराने लहान मुले दगावली. त्या वस्तीत पोटासाठी आलेल्यांचीच घरे जास्त आहेत. ज्यांचा डोस राहिला होता त्यांना धोका अधिक होता.

तिसरी गोष्ट क्षयरोगाची. हा रोग हळूहळू प्रवास करतो म्हणून कोणाच्या नजरेत भरत नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, तपासणी आणि औषध मोफत आहे. साधारणपणे सहा महिने औषध घ्यावे लागते. कारखान्यावर जायचे म्हणून ते मध्येच सोडले तर रोग चिवट होतो आणि पुढे साध्या औषधाला दाद देत नाही. ‘निक्षय’ या सरकारी नोंदीमुळे आता रुग्णाला त्याच क्रमांकावर दुसऱ्या जिल्ह्यात औषध मिळू शकते. मुकादमाची उचल घेण्यापूर्वी आरोग्य केंद्रात जाऊन ‘मी अमुक ठिकाणी जात आहे’ एवढे सांगावे.

चौथी गोष्ट घराची. पाहुणा तापाने आला तर त्याला मच्छरदाणीत झोपवा, दिवसासुद्धा, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. आठवड्यातून एक दिवस रांजण, टाकी, कूलर कोरडे करा.

शेवटची गोष्ट मंडळासाठी आहे. ‘आजारी असाल तर घरी थांबा’ हे वाक्य पगारदाराला सोपे आहे. हातावर पोट असणाऱ्याला घरी थांबणे म्हणजे उपाशी थांबणे. तो ताप अंगावर काढून जीपमध्ये चढतो, यात त्याचा हट्ट नसतो. चूल असते. म्हणून आमची मंडळाला नम्र सूचना आहे की, वर्गणीतून एक छोटा आजारपण निधी बाजूला ठेवावा. संसर्गाच्या आजारात चार-पाच दिवस घरी थांबणाऱ्या मजूर कुटुंबाला त्यातून धान्य-किराणा द्यावा. रक्कम फार लागणार नाही. एका माणसाचे पाच दिवसांचे धान्य दिले तर एक जीपभर माणसे आजारी पडायची वाचतील. आणि मंडळातील शिकलेल्या मुला-मुलींनी टोळ्या निघण्यापूर्वी एक दिवस वस्तीत बसून लसीकरणाची कार्डे तपासावीत, राहिलेले डोस द्यायला आशाताईंना मदत करावी. उसाला जाणारे मूल जाताना सुरक्षित जाईल आणि येताना रोग घेऊन येणार नाही.

बंधू-भगिनींनो, रस्ते वाढतील. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाल्यापासून आपल्या लेकी-सुना अधिक मोकळेपणाने प्रवास करू लागल्या आहेत, याचा आम्हांला आनंद आहे. उद्या रेल्वे येईल, तिचेही स्वागतच करू. पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण ती कोणत्या वाटेने येईल हे आपल्याला आता ठाऊक आहे. ती वाट आपण बंद करणार नाही, कारण त्याच वाटेने आपली मुले शिकायला जातात आणि आपली भाकरी येते. त्या वाटेवर आपण जागे राहू आणि त्या वाटेने आजारी होऊन परतणाऱ्याला काट्या न टाकता घरात घेऊ.



जय भीम.